शून्य म्हणजे घर

माझ्या खोलीच्या दारावर आतल्या बाजूने काळ्या रंगात लिहिलेलं होतं, 'तपासले. वापरास योग्य.' खाली लपेटदार सही. राहायला आलो त्या दिवशी मला वाटलं, आधीच्या भाडेकरूने केलेली थट्टा असेल. मग न्हाणीच्या दगडावर तेच दिसलं, लोणच्याच्या बरणीवर तेच दिसलं, आणि माझ्या खाटेचा मोडका पाय घरमालकांनी स्वतः बदलून दिला तेव्हा त्या नव्या पायावरही तेच आलं. घरमालक पाटबंधारे खात्यातले ओव्हरसियर. निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली होती, पण निवृत्तीचा हुकूम त्यांनी स्वतःपुरता अजून मंजूर केला नव्हता.

मी सानगडीच्या पोस्टात बाबू होतो. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. गावात भाड्याने खोली देणारे दोघेच. पैकी एकाकडे ढेकूण होते, म्हणून मी ओव्हरसियरांकडे आलो. मी त्यांना काकाजी म्हणायचो, गाव त्यांना सायेब म्हणायचं, आणि पाठीमागे जे म्हणायचं ते लिहिण्यासारखं नाही.

उंच, वाळका देह. खाकी हाफपँट, तिच्यावर पांढरा सदरा, डोक्यावर इंग्रजांच्या वेळची सोला हॅट आणि खिशात ओळंबा. भिंत सरळ आहे हे डोळ्यांना दिसलं तरी ओळंबा लावल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. एका लग्नात ते पंगतीला बसायच्या आधी मांडवाच्या खांबाला ओळंबा लावून उभे राहिले. नवरीचा बाप वैतागून म्हणाला, "सायेब, जेवाले आले का मोजाले आले?"

"आधी खांब, मंग जेवन," काकाजी म्हणाले. "अंगावर पडला तं कोन जेवते?"

पंगत हसली. पण खांबाला दुसरी मेढ लावल्याशिवाय त्यांनी पत्रावळीला हात लावला नाही.

त्यांच्याकडे दोन मराठी होत्या. एक घरची, झाडीची, सगळ्यांसारखी. दुसरी सरकारी. आराखडा, पर्याय, निष्पत्ती असे शब्द आले की ते ताठ बसत आणि शुद्ध बोलू लागत. घरात पंचाईत वाढत गेली तसतशी ही दुसरी मराठी जास्त ऐकू येऊ लागली. आधी मला तिचं हसू यायचं. पुढे कळलं की माणूस घाबरला म्हणजे शुद्ध बोलतो.

पंचाईत काकूंची होती. काकू ठेंगण्या, हसऱ्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. माहेर पवनीकडच्या एका तलावाच्या गावचं. वडील तलावाचं पाणी सोडायचं काम करत. तलावाच्या पाळीत, म्हणजे बांधात, दगडी पायऱ्यांची मोरी असते, तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात. काकूंचं बालपण त्या तुडमाच्या पायऱ्यांवर गेलेलं. मी आलो तेव्हा त्या वरणात दोनदा मीठ टाकत. नंतर मला त्यांच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारू लागल्या. ती मी ऐकून घेत असे, कारण त्या नावाने हाक मारल्यावर वाढलेला भात जास्त असायचा. मग एका दुपारी त्या बोचकं घेऊन घरातून निघाल्या आणि संध्याकाळी साकोलीच्या एस.टी. स्टँडवर सापडल्या. बोचक्यात एक लुगडं आणि एक पितळी पळी. वडील वाट पाहत आहेत, पवनीची गाडी कधी लागते, असं दिसेल त्याला विचारत होत्या.

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी नागपूरहून मुलगा आला. तो तिकडे एका कचेरीत नोकरीला होता, दोन खोल्यांत राहायचा. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता.

"बाबा, मी आईले घेऊन जातो," तो म्हणाला. "दुसरा माळा आहे. बाहेरून कडी लावली का कुटी जाते ती?"

"कोंडून ठेवणे हा पर्याय नव्हे," काकाजी शुद्ध मराठीत म्हणाले.

"तं तुमच्यापाशी कोनता आहे?"

"विचाराधीन आहे."

"विचार करा. पन आता एक बार जरी हरपली, तं मी आयकनार नाही. तुमी बी चाला नाही तं राहा अठीच."

मुलगा परत गेला आणि त्याच दिवशी काकाजींनी एक नवी वही उघडली. वर लिहिलं: 'सौ.करिता उपाययोजना.' मी हसलो नाही, पण हसू आवरावं लागलं हे कबूल करतो.

पहिला पर्याय शेजारच्या म्हातारीने सुचवलेला. ती छातीठोकपणे सांगत होती की काकू मोहफुलं वेचायला जंगलात गेल्या असताना त्यांनी भुलनवेल ओलांडली. ती वेल ओलांडली की माणसाला वाट सापडत नाही. उतारा म्हणजे एक दिवस लुगडं उलटं नेसवायचं. मला वाटलं काकाजी तिला हाकलून देतील. त्यांनी ते वहीत उतरवलं. म्हणाले, "तपासायला काही तोडफोड लागत नाही." दिवसभर काकू प्रत्येकाला विचारत राहिल्या, लुगडं उलटं कोणी नेसवलं जी? रात्री वहीत नोंद झाली: 'निष्पत्ती नाही.'

दुसरा पर्याय पाट्यांचा. पत्र्याच्या पट्ट्यांवर सुंदर अक्षरात 'स्वयंपाकघर', 'न्हाणी', 'देवघर', 'बाहेर जाऊ नये'. काकूंना वाचता येत होतं, हीच अडचण झाली. त्या प्रत्येक पाटीपुढे उभ्या राहून मोठ्याने वाचायच्या, समाधानाने मान हलवायच्या आणि पुढे जायच्या, एस.टी.तून जाताना आपण गावांची नावं वाचतो तशा. 'बाहेर जाऊ नये' ही पाटी त्यांनी सगळ्यांत स्पष्ट वाचली आणि बाहेर गेल्या. त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी मीच त्यांना अडवलं.

तिसरा पर्याय कडीचाच, पण उंचावरचा. काकाजींच्या लक्षात आलं होतं की दाराशी काकूंची नजर खांद्याच्या वर जात नाही. दाराच्या अगदी वरच्या टोकाला त्यांनी कडी बसवली. बेत अचूक ठरला. काकू दाराशी गेल्या, जिथे कडी असायची तिथे हात लावला, मग दारावर, मग चौकटीवर, मग भिंतीवर. आंधळं माणूस चाचपतं तशा त्या भिंत चाचपत राहिल्या. काकाजी मागे स्टुलावर हातात वही घेऊन बसले होते. मी जेवायला आलो तेव्हा ते पेचकस घेऊन कडी काढत होते.

"चालली नाही का?" मी विचारलं.

"चालली," ते म्हणाले. "म्हनूनच काढून राहिलो."

त्याच सुमारास साकोलीच्या एका मंडळाने वृद्धांचा सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणे नागपूरचे कोणी नामांकित डॉक्टर, विषय 'स्मृती आणि वार्धक्य'. काकाजी मला सोबत घेऊन गेले. व्यासपीठावर नऊ खुर्च्या होत्या. ज्यांचा सत्कार ते वृद्ध सतरंजीवर, कारण खुर्च्या सत्कार करणाऱ्यांनाच पुरल्या नव्हत्या. डॉक्टर तासभर बोलले. वार्धक्य हे दुसरं बालपण आहे, असं त्यांनी तीनदा सांगितलं. प्रश्न विचारा म्हणताच काकाजी उभे राहिले. हॅट काढून हातात घेतलेली.

"डॉक्टरसाहेब, ज्या व्यक्तीची स्मृती गेली आहे, ती दार ढकलून पाहते की ओढून?"

डॉक्टर थांबले. "दार?"

"होय. दाराची दिशा ठरवायची आहे."

"तुम्ही त्यांना बदाम द्या. भिजवून."

"बदाम देऊन राहिलो जी. दाराचं काय?"

माईकजवळचा कार्यकर्ता म्हणाला, प्रश्न विषयाला धरून असावेत. टाळ्या झाल्या. काकाजींना शाल मिळाली नाही, ती संपली होती, नारळ मिळाला. परतीच्या गाडीत तो नारळ मांडीवर घेऊन ते खिडकीबाहेर पाहत होते. साकोली मागे पडल्यावर म्हणाले, "येवढा शिकलेला मानूस. पन घरात बसून दाराकडे पाहिलं नाही त्यानं कधी."

त्यानंतर त्यांनी मोजणी सुरू केली. काकू निघाल्या की त्यांना अडवायचं नाही, मागे चालायचं. पुढे बोचकं घेतलेल्या काकू, मागे वीस पावलांवर हॅट आणि फीता घेतलेले काकाजी. पानठेल्यावरची मंडळी खूश. "सायेब, कालवा काढून रायले का?" एक जण ओरडला. काकाजी थांबून म्हणाले, "सर्वे चालू आहे," आणि पुढे गेले. महिनाभराने निष्पत्ती आली: काकू बहुतेक वेळा एकाच वाटेने जातात. घरातून निघून मारुतीच्या देवळावरून, पोस्टावरून, तलावाच्या पाळीकडे.

चौथा पर्याय त्यातून निघाला, आणि तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत देखणा आराखडा होता. कालव्याच्या काठाने अंतर दाखवणारे दगड असतात तसे दगड त्यांनी त्या वाटेवर रोवले. चुन्याने पांढरे केलेले, वर काळे आकडे. उंबऱ्याशेजारी शून्य. मग एक, दोन, तीन, असं करत तलावाच्या पाळीजवळ एक्केचाळीस. काकू कुठेही असोत, जवळचा आकडा पाहायचा आणि लहान आकड्याकडे चालायचं. लहान होत होत शून्य. शून्य म्हणजे घर.

रोज सकाळी ते काकूंना पंधरा नंबरपर्यंत नेत आणि म्हणत, "आता मले घरी ने." काकू दगड पाहत. पंधरा. चौदा. तेरा. वाटेत कोणाची गाय आडवी आली तर थांबत, पण आकडा सोडत नसत. उंबऱ्याशी आल्या की शाळेतल्या पोरीसारखं वर पाहत: "शून्य! आलं जी घर!" आधी पंधरावरून, मग तिसावरून, मग एक्केचाळीसवरून. महिनाभर एकदाही चूक झाली नाही. काकाजींना मोठ्याने हसताना मी त्या महिन्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी मुलाला पत्र लिहिलं. मीच त्यावर शिक्का मारला. शून्य नंबरच्या दगडावर त्यांनी बारीक अक्षरात 'तपासले' लिहिलं, आणि मला वाटलं, या वेळी खरोखर जमलं.

धानाची कापणी सुरू झाली. दुपारी गाव रिकामं, सगळे शेतात. काकाजी रात्र रात्र जागे राहायचे, काकू उठतात का ते पाहायला. त्यामुळे दुपारच्या जेवणानंतर त्यांचा डोळा हटकून लागायचा. दगडांवर भिस्त ठेवून आता तो जरा जास्तच लागू लागला होता.

मी पोस्टाच्या खिडकीत मान खाली घालून शिक्के मारत होतो. वर पाहिलं तर समोरून तलावात जाळं टाकणारा ढिवर येताना दिसला. खांद्यावर जाळं, आणि दुसऱ्या हाताने काकूंचं मनगट धरलेलं. लुगडं कमरेपर्यंत ओलं. मी धावत बाहेर गेलो आणि तिघं मिळून घरी आलो. काकाजी खाटेवर उठून बसले.

"सायेब," ढिवर म्हणाला, "बाई तुडमाच्या शेवटच्या पायरीवर होत्या. अर्ध्या पान्यात. मी आवाज देल्लो, तं मले म्हनतात, गोटे सरले, आता कुटी जाऊ?"

काकू मात्र खुशीत होत्या. ओलं लुगडं पिळत त्या काकाजींना सांगू लागल्या, "एकबी नाही चुकली मी. एक, दोन, तीन, चार... एक्केचाळीस. मंग पुढं गोटाच नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी शून्य नंबरच्या दगडावर बसलेले होते. मी पोस्टात जायला निघालो तर म्हणाले, "पोस्टबाबू, कालव्याचं अंतर कुठून मोजतात, माहीत आहे?"

"नाही."

"तुडमापासून. जिथून पाणी निघते तिथं शून्य. मी घराला उगम धरलं. आराखड्यात बरोबर आहे." मग शुद्ध मराठी सुटली. "पन ती सोबत असन तं मी तिले उलटं मोजाले लावत होतो. एकटी निघाली तं उंबऱ्यापासून निघन ना? लेकरू बी एकापासून मोजते. एक, दोन, तीन. तिनं बरोबर मोजलं. मीच तिले हातानं धरून तलावावर नेऊन सोडलं."

त्या दिवशी त्यांनी सगळे दगड पहारीने उपटले. कोणाला हात लावू दिला नाही. पानठेल्यावरचे लोक पाहत होते, पण त्या दिवशी कोणी काही ओरडलं नाही.

बातमी कळून मुलगा रविवारी आला, काकूंचं सामान बांधायची पिशवी घेऊनच. काकाजींनी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. पाचवा पर्याय. मी खांद्यावरून पाहिलं: त्यांच्या आतल्या खोलीचं दार, त्याला बाहेरून कडी.

"हेच तं मी म्हनत होतो!" मुलगा म्हणाला. "इतके दिवस काहून वाया घालवले?"

"तू तिले कोंडनार होता," काकाजी म्हणाले. "अठी आमी दोघं राहू. जेवन झालं का पोस्टबाबू कडी लावतीन आणि पाच वाजता उघडतीन. तेवढ्यात माही झोप होते. बाकी येळ मी तिच्या मांगं आहोच."

कडी माझ्याच हाताने लागणार, हे मला तेव्हाच कळलं. मी म्हणालो, "काकाजी, आतून कुलूप लावा ना. किल्ली तुमच्याजवळ ठेवा."

"ती हात जोडते, बाबू. माहा बाप वाट पाहून राहिला, जाऊ द्या म्हनते. किल्ली माह्यापाशी असन तं मी उघडीन. मी कच्चा आहो. तपासून पाहिलं."

मुलाने वही मिटली. "आग लागली तं?" त्याने विचारलं.

"तं दोघं आहोत."

मुलाने रिकामी पिशवी घडी करून बगलेत धरली आणि दुपारच्या गाडीने गेला.

पहिल्या दिवशी मी कडी लावली तेव्हा आतून दार ओढल्याचा आवाज आला. दोनदा. मग काकाजींचा आवाज, "लागली. जा तुमी." त्या दुपारी मी किती तरी पाकिटांवर कालच्याच तारखेचा शिक्का मारला. गावात बोलणं झालंच. पोस्टबाबू सकाळी मनीऑर्डर वाटतो आणि दुपारी म्हातारे कोंडतो, असं पानठेल्यावर म्हणत. मला राग येत नसे. वर्णन बरोबर होतं.

मी दीड वर्ष कडी लावली. सुट्टीच्या दिवशीही. गावाला जायचं तर आधी शेजारच्या म्हातारीला काम नेमून द्यायचो आणि जीव तिकडेच राहायचा. पुढे पवनीला बदली झाली, तेव्हा माझ्या जागी आलेल्या बाबूला मी पोस्टाच्या किल्ल्या दिल्या आणि काकाजींनी त्याला दाराशी उभं करून कडीचं काम समजावलं. एकोणीसशे ऐंशी उलटल्यावर केव्हा तरी त्यांचं कार्ड आलं. अक्षर तेच, ओळी तीन. 'सौ. काल सकाळी गेली. त्रास झाला नाही. काम पूर्ण झाले.' मी भेटायला जाणार होतो. गेलो नाही. पवनीहून सानगडी काही फार लांब नाही, म्हणजे सबब तीही नव्हती.

त्यांची आठवण निघाली की लोक हॅट आणि ओळंबा सांगतात, दगड सांगतात आणि हसतात. मला चैत्रातली एक दुपार आठवते. कडीचं काम सुरू होऊन वर्ष उलटून गेलं होतं. पाच वाजता मी कडी काढली. एरवी काकाजी आधी बाहेर येत. त्या दिवशी दाराशी काकू उभ्या होत्या.

"तुमी कडीवाले का जी?" त्यांनी विचारलं.

"हो काकू."

त्यांनी मागे वळून पाहिलं. काकाजी खाटेच्या काठावर बसून चष्मा शोधत होते. काकू माझ्याजवळ सरकल्या आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, "त्या बुढ्याले बी सोडा न जी. मी तं आताच आली. ते कवापासून बसून आहेत बिचारे. काही बोलत नाहीत. कोनी घ्याले बी नाही आलं त्यायले."

खोली लहान होती. काकाजींचा हात उशीखाली गेलेला होता, तो तिथेच राहिला. मग त्यांनी उशीखालून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसून डोळ्यांवर चढवला, चपला पायांत सारल्या आणि दाराकडे आले. काकूंनी पदर डोक्यावर ओढला आणि परक्या वडीलधाऱ्या माणसाला वाट देतात तशा भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

"जा जी तुमी," त्या खाली पाहत म्हणाल्या. "तुमचं घर दूर असन."

"नाही बाई," काकाजी म्हणाले, "जवळच आहे."

ते पायरी उतरून अंगणात गेले आणि आमच्याकडे पाठ करून, ती बाहेर यायची वाट पाहत उभे राहिले.